साहेब बदलतो, चारी तीच: पाण्याच्या खात्याच्या प्रमुखाच्या हातात नेमकं काय असतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझं समजणं चुकलं असेल तर लगेच कळेल. तुमची जमीन दक्षिण सोलापूर तालुक्यात, उजनीच्या डाव्या कालव्यावरच्या कुरुल शाखेच्या शेपटाकडं. सात-आठ वर्षांत तुम्ही चार साहेब बघितले. प्रत्येक नवा साहेब पहिल्या महिन्यात जीप घेऊन टेलपर्यंत, म्हणजे कालव्याच्या शेवटापर्यंत, येतो, "बघतो, करतो" म्हणतो, चहा पितो आणि जातो. पुढच्या उन्हाळ्यात चारीत, म्हणजे शेताकडं पाणी आणणाऱ्या पाटात, पुन्हा वेड्या बाभळी. म्हणून तुम्ही विचारताय की पाण्याच्या खात्याचा प्रमुख अभियंता असावा की आयएएस, आणि वर एक चांगला माणूस बसला तर खाली खरंच फरक पडतो का.

मी या खात्यात शाखेवर लागलो आणि मंडळाचं काम बघून निवृत्त झालो. मधली तीस-बत्तीस वर्षं या जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या कालव्यांवर गेली. आता जुळे सोलापुरात राहतो, जिथं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. "जन्म पाण्याच्या खात्यात काढला आणि घरात पिंपं भरून ठेवतोय," हे वाक्य मला घरात आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. तेव्हा खात्याची वकिली करायला बसलेलो नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, पण त्यानं तुमचं भागणार नाही. दुसऱ्याचं उत्तर "हो, पडतो", फक्त तुम्ही तो फरक चुकीच्या जागी शोधताय.

"प्रमुख" म्हणजे कोण, इथूनच घोळ सुरू होतो. मंत्रालयात जलसंपदा विभागाला अपर मुख्य सचिव असतात, ते आयएएस. त्यांच्याबरोबरीनं खात्यातूनच वर गेलेले अभियंते सचिव असतात. म्हणजे अभियंता की आयएएस हा वाद महाराष्ट्रानं दोघांनाही बसवून कधीच मिटवलाय. त्याखाली पुण्याचं कृष्णा खोरे विकास महामंडळ, १९९६ साली स्थापन झालेलं. त्याचे अध्यक्ष जलसंपदा मंत्री आणि रोजचा कारभार कार्यकारी संचालकांकडं. मग मुख्य अभियंता, मग सोलापुरात भीमा कालवा मंडळाचे अधीक्षक अभियंता. त्यांच्याखाली विभागाचे कार्यकारी अभियंता, उपविभाग, शाखा, आणि सगळ्यात शेवटी कालवा निरीक्षक. तुमच्या टेलला येऊन गेलेले ते चार साहेब बहुधा कार्यकारी अभियंता असणार. गावाला साहेब म्हणजे साहेब, पण त्यांच्या डोक्यावर किती मजले आहेत हे लक्षात असू द्या.

बरं, हे झालं एकच खातं. ६०० हेक्टरपर्यंतची लहान कामं मृद व जलसंधारणाकडं. विहिरीचं पाणी मोजणार भूजल सर्वेक्षण यंत्रणा. शहराचा नळ महापालिकेचा. दर ठरवणार आणि हक्कांचं नियमन करणार २००५ च्या कायद्यानं आलेलं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण. आणि उजनीतून पाळी, म्हणजे कालव्याचं आवर्तन, कधी आणि किती दिवस सोडायची हे ठरतं कालवा सल्लागार समितीत, जिच्या खुर्चीवर पालकमंत्री असतात आणि समोर आमदार. अधीक्षक अभियंता तिथं आकडे घेऊन बसलेला असतो. पाणी वाटण्याचा अधिकार त्याचा, असं समजून तुम्ही त्याच्यावर रागावता. तो अधिकार त्याच्याकडं पुरता कधीच नव्हता.

मग त्याच्याकडं असतं काय? माझ्या मते दोनच गोष्टी. खरा आकडा वेळेत आणि सगळ्यांसमोर सांगणं, आणि तो आकडा कालव्यावर धरून ठेवणाऱ्या खालच्या माणसामागं उभं राहणं. बाकी टेंडर, उद्घाटनं, आढावा बैठका हे चालूच असतं. माझे जे जे वरिष्ठ मला चांगले वाटले, त्यांना ही दोन जमत होती. जे वाईट वाटले त्यांची हुशारी कमी नव्हती, यांतली एक गोष्ट जमत नव्हती.

आकड्याचं आधी बघू, कारण उजनीत सगळं भांडण आकड्याचं आहे. धरण १९८० साली पूर्ण झालं. पोटात एकूण साधारण ११७ टीएमसी; एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. त्यातलं ५३.५७ टीएमसी उपयुक्त आणि ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा, म्हणजे वापरात न धरलेलं तळचं पाणी. असं विचित्र प्रमाण फार कमी धरणांत दिसेल. टक्केवारी धरतात ती फक्त उपयुक्त साठ्यावर, म्हणून उजनी "उणे" जाते. २०२३ चा पावसाळा संपला तेव्हा धरण ६० टक्क्यांच्या आसपास होतं. लोक म्हणाले, निम्म्याहून जास्त भरलंय की! ६० टक्के म्हणजे फक्त ३२ टीएमसी. आणि २०२४ च्या जूनमध्ये ते उणे ६० च्या घरात पोचलं, म्हणजे मृतसाठ्यातलंही तेवढंच, ३२ टीएमसी, काढून झालेलं.

आता हे ३२ टीएमसी कालव्याच्या भाषेत किती, ते बघा. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसाला ८६,४०० घनफूट. ३००० क्युसेकनं कालवा महिनाभर चालवला की पावणेआठ टीएमसी संपतात. एका कालव्याचं हे. दुसऱ्या कालव्याचं, भीमा-सीना बोगद्याचं, उपसा योजनांचं, जलाशयावरच्या मोटारींचं वेगळं. उजनीचा जलाशय पसरट, त्यामुळं उन्हाळ्यात ऊन जे पितं त्याला पाणीपट्टीही नाही. म्हणजे त्या वर्षी १५ ऑक्टोबरलाच गणित स्वच्छ होतं: रब्बीचं कसंबसं, उन्हाळ्याचं विसरा.

१५ ऑक्टोबर ही तारीख मुद्दाम सांगतोय. आमचं सिंचन वर्ष १ जुलैला सुरू होतं, आणि १५ ऑक्टोबरला खरीप संपून रब्बी हंगाम लागतो. धरणात त्या दिवशी जे असेल त्यावर वर्षाचा प्राथमिक सिंचन कार्यक्रम बसवायचा, असा शिरस्ता. कागद तयार होतोच. प्रश्न असा की तो कागद ज्वारी पेरायच्या आधी गावात पोचतो का. "उन्हाळी पाळी मिळणार नाही" हे वाक्य ऑक्टोबरमध्ये बोललं तर शेतकरी शिव्या देतो, पण उसाची लागण करायची की नाही हे ठरवतो. तेच वाक्य मार्चमध्ये बोललं तर तो शिव्याही देतो आणि त्याचा उभा ऊसही जातो. प्रमुखाची कसोटी मी इथं लावतो. नाही म्हणायचंच असेल तर तो कधी म्हणतो?

बहुतेक जण उशिरा म्हणतात, आणि त्यांना मी सरसकट भित्रे म्हणणार नाही. ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस अजून बाकी असतो. बैठकीत आमदार विचारतात, "साहेब, तुम्हाला एवढी काय घाई?" आणि एकदा नाही म्हटल्यावर नंतर पाणी आलं तर तुम्ही खोटे ठरता. मी स्वतः एका वर्षी असा खोटा ठरलोय. नोव्हेंबरात अवकाळी झाला, वरून पाणी आलं, आणि मला भर बैठकीत "हवामान खातं" असं नाव पडलं. तरीही लवकर नाही म्हणणं स्वस्त पडतं.

दुसरा गुंता सोलापूर शहराचा. शहराचं पाणी तीन वाटांनी येतं: उजनीतून थेट जलवाहिनीनं, हिप्परग्यातून, आणि नदीतून टाकळीच्या उपशावरून. हिप्परगा म्हणजे एकरुख तलाव, १८७१ साली पूर्ण झालेला, उजनीहून शंभरावर वर्षांनी जुना. टाकळीसाठी धरणातून भीमेत पाणी सोडावं लागतं, आणि एका वेळेला पाच-सहा टीएमसी सोडल्याशिवाय ते नीट पोचत नाही. ८० एमएलडी, म्हणजे रोज आठ कोटी लिटर, उपसा वर्षभर धरला तर शहर टाकळीतून घेतं जेमतेम १ टीएमसी. बाकीचं वाळू पिते, बंधारे अडवतात, काठावरच्या मोटारी ओढतात. ते सगळं वाया जातं असं शहरातले लोक म्हणतात, ते खरं नाही. पंढरपूर, सांगोला, मंगळवेढ्याकडच्या कितीतरी पाणीयोजना त्याच नदीवर आहेत, काठच्या विहिरी भरतात, आणि आषाढीला चंद्रभागेत पाणी नसेल तर काय होईल याची कल्पनाही कुणी अधिकारी करत नाही. पण उजनीहून शहराला यायची दुसरी, समांतर जलवाहिनी वर्षानुवर्षं रखडली, त्याची किंमत तुमच्या चारीनंही मोजली हे विसरू नका. पाइप टाकायचं काम जलसंपदाचं नव्हतं. त्याच्या उशिरामुळं पाणी गेलं ते मात्र धरणातलं. दुसऱ्या संस्थेच्या उशिराचा हिशेब आपल्या साठ्यातून चुकवणं, हा या खात्याच्या प्रमुखाचा कायमचा धंदा आहे, आणि हा हिशेब तो जाहीरपणे मांडत नाही तोवर सगळे त्यालाच विचारणार.

आकड्यावर विश्वास नसला की काय होतं, ते २०२१ साली आपल्या जिल्ह्यानं बघितलं. पुण्याकडून उजनीत येणाऱ्या सांडपाण्यातून ५ टीएमसी इंदापूरसाठी उचलायची योजना पुढं आली. एप्रिलमध्ये आदेश निघाला, जिल्हा पेटला, मे महिन्यात आदेश रद्द झाला. त्यात कोण बरोबर यात मी शिरत नाही, राजकारण भरपूर होतं. एक अभियंता म्हणून मला खटकलं ते वेगळंच. सांडपाणी म्हणून वेगळं मोजलेलं पाणी धरणात आल्यावर वेगळं राहतं का, आणि ते आधीच कुणाच्या वाट्यात धरलंय का, या साध्या प्रश्नावर सगळ्यांना मान्य होईल असा एक तक्ता कुणाकडं नव्हता. तक्ता असता तरी भांडण झालंच असतं. पण ते तक्त्यावर झालं असतं.

आता कालव्यावर येतो, कारण तुमचं पाणी धरणात अडत नाही, वाटेत अडतं.

उजनी आठमाही सिंचनासाठी आखली गेली. आज माढा, मोहोळ, पंढरपूरच्या पट्ट्यात उभा असलेला ऊस बघा. जिल्ह्यातले साखर कारखाने मोजायला दोन्ही हातांची बोटं तीनदा लागतील. वरच्या भागात बारमाही पीक आणि खाली आठमाहीचं पाणी, मग टेल सुकणारच. कुठलाही प्रमुख हा ऊस उपटू शकत नाही. "टेल टू हेड", म्हणजे आधी शेपटाचं भरणं आणि मग वर सरकत यायचं, हा नियम प्रत्येक पाळीच्या आदेशात लिहिलेला असतो. तो पाळायचा म्हणजे वरच्या फाट्यांची दारं आठ-दहा दिवस बंद ठेवायची आणि रात्री ती बंदच राहतात हे बघायचं. हे कोण बघणार? कालवा निरीक्षक. एकाकडं जिथं पंधरा किलोमीटर असायला हवेत तिथं दुप्पट-तिप्पट, कारण बाकीच्या जागा रिकाम्या. हातात एक काठी, एक बॅटरी आणि गेजची, म्हणजे कालव्यातल्या पाण्याची उंची टिपायची, वही.

इथं माझी स्वतःची गोष्ट सांगतो. चांगली नाही. कालव्याचं नाव घेत नाही.

मी उपविभागावर होतो. उन्हाळी पाळी. टेलच्या तीन गावांना मी शब्द दिला होता, नवव्या दिवशी पाणी. सहाव्या रात्री वरच्या एका फाट्याचं दार जॅक लावून उचललं गेलं. आमच्या कालवा निरीक्षकानं, वय पंचावन्नच्या पुढं, पहाटे चारला जाऊन पंचनामा केला. ज्यांच्या शेतात पाणी शिरलं होतं त्यांचं नावही लिहिलं. नाव वजनदार होतं. दुपारपर्यंत मला वरून फोन आला: माणूस जरा उद्धट आहे, त्याला दुसरीकडं द्या. मी दिला. "प्रशासकीय कारणास्तव" असे दोन शब्द टाइप करायला किती वेळ लागतो? त्याला मी म्हणालोही, "काका, दोन महिन्यांत परत आणतो." तो म्हणाला, "साहेब, मला कुठं टाकलं तरी पगार तोच आहे. तुमच्या वहीचं मात्र काय ते बघा."

त्या वाक्याचा अर्थ मला पुढच्या आठवड्यात कळला. वही अचानक सुंदर झाली. प्रत्येक सहा तासाला गेज तोच, अक्षर वळणदार, कुठं खाडाखोड नाही. खरा कालवा असा कधीच वाहत नाही. तो इंचा-दोन इंचानं वरखाली होतच असतो. माझ्या हाताखालच्या प्रत्येकानं ओळखलं होतं की खरा आकडा लिहिणाऱ्याचं इथं काय होतं. तेव्हापासून तो पूर्ण हंगाम मी खोट्या वहीवर कालवा चालवला. नवव्या दिवशी पाणी पोचलं नाही, अकराव्या दिवशीही नाही. ती तीन गावं ऑफिसवर आली तेव्हा माझ्याकडं दाखवायला फक्त ती सुंदर वही होती. काकांना मी दोन महिन्यांत परत आणू शकलो नाही. ते तिथूनच निवृत्त झाले.

म्हणून कुणी मला "नेतृत्व" म्हटलं की मला तो फोन आठवतो. प्रमुखाचं वजन त्या एका फोनच्या पुढच्या दहा मिनिटांत ठरतं. तो हो म्हणाला की खालच्या चाळीस लोकांनी पेन खाली ठेवलं असं समजा. नाही म्हणाला तर त्याची स्वतःची बदली होऊ शकते, हेही तितकंच खरं. २०१२ साली विजय पांढरे या खात्यातल्याच मुख्य अभियंत्यांनी योजनांच्या खर्चावर आणि दर्जावर शासनाला पत्र लिहिलं. पुढं श्वेतपत्रिका आली, माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. त्या पत्राला किती धाडस लागलं असेल ते खात्यात जन्म काढलेल्या माणसालाच कळतं. पण माझ्या अनुभवात रोजचं धाडस याहून लहान असतं आणि त्याची बातमी होत नाही: पंचनाम्यावर खालच्या सहीबरोबर आपली सही करणं, एवढंच.

पुढं मी विभागाला आलो तेव्हा तेच केलं. पंचनामा झाला की त्याच दिवशी तो माझ्या सहीनं पुढं जायचा, म्हणजे राग काढायचा तर माझ्यावर निघावा. आणि गेजचे आकडे सकाळ-संध्याकाळ टेलच्या गावांतल्या लोकांच्या मोबाइलवर पाठवायला लावले. जादू झाली नाही. पहिल्या वर्षी टेलला पाणी तीन दिवस उशिरा आणि निम्म्या जोरानं आलं. पण वही पुन्हा घाणेरडी झाली. खाडाखोडीची, इंचाइंचाच्या फरकाची, खरी. त्या वह्यांवरून पुढच्या वर्षी कुठं पाणी गळतंय ते सापडलं; दोन ठिकाणी चोरी नव्हतीच, भराव झिरपत होता. तोवर आम्ही चार शेतकऱ्यांना उगाच चोर ठरवलं होतं.

अभियंता की आयएएस, ते आता सांगतो. अभियंत्याला क्युसेक कळतो, पण आमच्या खात्यानं पिढ्यान्‌पिढ्या अभियंत्याला मोठं केलं ते बांधकामावर. धरणाच्या, कालव्याच्या बांधकामाचा विभाग म्हणजे मान. व्यवस्थापनाचा विभाग म्हणजे बाजूला टाकलं, अशी समजूत. मीही व्यवस्थापनात पहिल्यांदा आलो तेव्हा घरी तोंड पाडून बसलो होतो. अशा खात्यातून आलेला प्रमुख टेलला पाणी नाही म्हटलं की अस्तरीकरणाचा प्रस्ताव करतो, दार बंद ठेवायला माणूस नाही हे त्याला सुचायला वेळ लागतो. आयएएस अधिकाऱ्याकडं महसूल, पोलीस, जिल्हा परिषद यांना एका टेबलाशी आणायची ताकद असते, ती अभियंत्याकडं नसते. पण त्याला टीएमसीची भाषा अंगवळणी पडते तोवर दीड वर्ष होतं आणि त्याची बदली येते. मला विचाराल तर मंडळापर्यंत अभियंताच हवा, आणि त्याला किमान तीन पावसाळे एका जागी मिळायला हवेत. पहिला पावसाळा कालवा ओळखण्यात जातो, दुसऱ्यात चुका कळतात, तिसऱ्यात काम होतं. तुमचे चार साहेब सात-आठ वर्षांत गेले, म्हणजे सगळे दुसऱ्या पायरीवरूनच परतले.

एक अपवाद, पुराचा. ऑक्टोबर २०२० मध्ये धरण आधीच भरलेलं असताना जोरदार पाऊस आला आणि उजनीतून अडीच लाख क्युसेकच्या आसपास विसर्ग करावा लागला. खाली नीरा नरसिंहपूरला नीरा मिळते, म्हणजे वीर धरणाचं पाणी वेगळं, आणि दोन्ही मिळून पंढरपूरला. अशा रात्री वर पुण्यात बंडगार्डनला किती, दौंडला किती, खाली संगमला किती हे तासातासाला बघत दारं किती उचलायची ते एका माणसाला ठरवावं लागतं. आणि खालच्या गावांना उठवायचं काम जिल्हाधिकाऱ्यांचं. तिथं दोघंही लागतात आणि दोघांचा एकमेकांवर आधीपासून विश्वास लागतो. त्या रात्री ओळख करून घेऊन चालत नाही. ऑक्टोबरमध्ये धरण काठोकाठ ठेवलंच का, असं नंतर कुणीही विचारतं. थोडं रिकामं ठेवलं असतं आणि पाऊस आला नसता, तर तुम्हीच मोर्चा आणला असता.

तुमच्या हातात काय, हे तुम्ही विचारलं नाही, पण तेच जास्त कामाचं आहे. काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमच्या चारीचं मुख शाखेच्या तळापेक्षा उंच पडलं असेल, किंवा वरच्या पंधरा किलोमीटरला अस्तर फुटलं असेल, तर साहेब कुणीही असो, पाणी चढणार नाही. ते काम पैशाचं आहे. पण आधी खात्री करा की अडचण तीच आहे.

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण आहे. त्याच्या कालव्याच्या शेवटाला ओझरच्या शेतकऱ्यांना पाणी येत नव्हतं, अगदी तुमच्यासारखं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी पाणी वापर संस्था काढल्या, घनमापन करून पाणी मागितलं, आणि पुढं सगळा प्रकल्पच संस्थांनी चालवायला घेतला. २००५ साली राज्यानं सिंचन व्यवस्थापनाचा वेगळा कायदा केला, त्यामागं अशा ठिकाणचा अनुभव होता. आपल्याकडंही संस्था आहेत. किती जिवंत आहेत ते तुम्हीच गावात विचारा. वाघाडची सुरुवात टेलनं केली, हे मला महत्त्वाचं वाटतं. हेडच्या माणसाला संस्थेची गरज नसते, त्याच्या बांधाला पाणी आपसूक येतं.

संस्था व्हायला वेळ लागेल. तोवर या ऑक्टोबरात एवढं करा. तुमच्या गावातून नमुना नंबर सातचे, म्हणजे पाणी मागणीचे, अर्ज किती गेले ते मोजा. मला वाटतं फार कमी असतील, कारण "पाणी येतच नाही तर अर्ज कशाला" असं सगळे म्हणतात, आणि मागील बाकी भरायला लागते म्हणूनही टाळतात. पण कागदावर मागणी नसली की कार्यक्रमात तुमचं क्षेत्र दिसत नाही, आणि पाळी बसवताना तुमचं नाव घेणारा कुणी राहत नाही. मग सल्लागार समितीचं इतिवृत्त मागा. माहितीच्या अधिकारात मिळतं. त्यात पाळीचे दिवस आणि क्युसेक लिहिलेले असतात. आणि तुमच्या चारीच्या मुखाशी गेजपट्टी आहे का ते आजच जाऊन बघा. नसेल तर रंगवून घ्यायचा अर्ज करा, त्याला खर्च शे-दोनशे रुपये. असेल तर पाणी येईल त्या प्रत्येक दिवशी सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला पट्टीचा फोटो काढा आणि एका साध्या वहीत आकडा लिहा.

नवीन साहेब जीप घेऊन आला की त्याला चहा द्याच. फक्त या वेळी चहाबरोबर ती वही त्याच्यासमोर ठेवा, आणि म्हणा, तुमच्या ऑफिसची याच दिवसांची वही मागवून घ्या, दोन्ही शेजारी ठेवून बघू. तो वही मागवतो की विषय बदलतो, ते मला कळवा.